तारा सोडू नकोस

६ जानेवारी

भावजींस नमस्कार.

पत्र ह्यांना न लिहिता तुम्हाला लिहितेय, कारण ह्यांना लिहिलेली तीन पत्रं विहिरीत दगड टाकावा तशी गेली. बुडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. वेधशाळेच्या एकाच घुमटाखाली दोघं काम करता, तेव्हा तुम्ही तरी दोन ओळी खरडाल म्हणून हा खटाटोप.

सवतीची तब्येत कशी आहे? चिमणी परवा शाळेत सांगून आली की बाबा सवतीकडे गेलेत. तिच्या बाईंनी मला रस्त्यात थांबवलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "धीर धरा." त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. अहो, तारा आहे तो, म्हटलं. दर एकोणीस वर्षांनी त्याचाच काळा जोडीदार त्याच्यापुढे येतो, तारा चार महिने फिका पडतो, मग उजेड परत येतो. तो परत कसा येतो तेवढं मोजायला गेलेत. "असं होय," म्हणाल्या, पण विश्वास बसलेला दिसला नाही.

खरं तर सवत मीच. मागच्या ग्रहणाच्या वेळी हे चोवीस वर्षांचे होते आणि माझं नावगावही ह्यांना ठाऊक नव्हतं. उजेड परतायच्या ऐन आठवड्यात ढग आले आणि हे हात हलवत डोंगर उतरले. आता त्रेचाळीस. पुढच्या खेपेला बासष्ट. "म्हणजे हीच काय ती," असं निघताना दारात म्हणाले.

एक विनंती. ह्यांच्या डाव्या गुडघ्याचा भरवसा नाही. शिड्या तुम्ही चढत जा. आणि खिशातली वही भरली की पाठवून द्या. दिवसभर नकाशा कचेरीत नद्या आणि डोंगर काढते, पण संध्याकाळी ह्यांचे आकडे पक्क्या वहीत उतरवल्याशिवाय चैन पडत नाही. चौदा वर्षांची खोड. एवढी मोठी दुर्बीण हाताशी असताना हा माणूस आत शिरण्याआधी बाहेर उभा राहून नुसत्या डोळ्यांनी एक अंदाज घेणारच. सवत शेजारच्या थोरलीपेक्षा किती पायऱ्या फिकी, धाकटीपेक्षा किती पायऱ्या उजळ. थोरली, धाकटी ही त्या दोन ताऱ्यांची नावं माझीच. सवत आली की जावा आल्याच.

चिमणी विचारते, लंबूकाकांचं कपाळ बरं आहे का?

तुमची,
वहिनी

१३ जानेवारी

सौ. वहिनींस साष्टांग नमस्कार.

कपाळ आहे तिथेच आहे आणि घुमटाचं दारही आहे तिथेच आहे. रोज दोघांची गाठ पडते. दादा म्हणतात, एक तर दार उंच करा नाहीतर लंबूला कापा.

दादा ठणठणीत आहेत. पत्रं तिन्ही मिळाली, उशीखाली आहेत. उत्तर का देत नाही म्हटलं तर म्हणाले, "उजेड आला की एकदमच लिहीन. तोवर सांगण्यासारखं काय आहे? फिका आहे, फिका आहे, अजून फिकाच आहे." तारा आता तळाशी बसलाय. महिनाअखेरीस उठेल असा त्यांचा हिशेब आहे, आणि ऐन उठण्याच्या त्या एक-दोन रात्री आभाळ मोकळं राहिलं तर मागच्या एकोणीस वर्षांची भरपाई होईल.

काम तुम्हाला माहीतच आहे. एकाने दुर्बिणीला डोळा लावून तारा बारीक भोकात धरून ठेवायचा, कारण यंत्र जरा पुढे पळतं आणि हाताने सावरलं नाही तर मिनिटाभरात तारा निसटतो. दुसऱ्याने खाली कागदाच्या पट्टीकडे बघायचं. ताऱ्याचा उजेड वाढला की पट्टीवरची शाईची लेखणी वर सरकते. आम्ही पाळीपाळीने करतो.

तक्रार एकच, घुमटाच्या झडपेची. तिची मोटर बंद आहे आणि रात्री दहिवर गोठलं की झडप अर्ध्यावर अडकते. मग बाहेरच्या लोखंडी शिडीने वर जाऊन लाकडी हातोड्याने ठोकायची. साहेबांना तीन अर्ज केले. साहेब म्हणतात, उन्हाळ्यात बघू. दादा म्हणाले, उन्हाळ्यात ती आपली आपणच उघडेल, तेव्हा साहेबांनी नुसतं बघितलं तरी चालेल.

शिडी मीच चढतो. तुम्ही निर्धास्त राहा.

आपला,
लंबू

२ फेब्रुवारी

वहिनींस साष्टांग नमस्कार.

वर एक अक्षर सवयीने लिहिलं गेलं, ते खोडलं आहे. नवा कागद घेतला, त्यावरही तसंच झालं. म्हणून हाच पाठवतोय. माफ करा.

दादांना घेऊन मी खाली आलो तेव्हा तुमच्याशी बोलायचं धैर्य झालं नाही. तुमच्या भावाने विचारलं त्यालाही नीट सांगता आलं नाही. तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहितो.

चोवीस तारखेच्या रात्री आभाळ स्वच्छ होतं. बारापासून मोजायला बसलो. दोनच्या सुमारास तारा उठला. दादांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. साडेतीनपर्यंत दोघांनी आत मिळून काम केलं, मग पश्चिमेकडून ढग आले तेव्हा थांबलो. चहा घेतला. चारला दादा म्हणाले, "झडप लावून येतो." मी पट्ट्या गुंडाळत होतो. शिडीवर दहिवर होतं. पाय घसरला.

मी धावलो तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. एका क्षणात गेले, वहिनी. एवढं तरी देवाने बरं केलं.

ज्याच्यासाठी एकोणीस वर्षं थांबले ते डोळ्यांनी पाहून गेले. चिमणीला हे सांगा.

लंबू

२० फेब्रुवारी

भावजींस नमस्कार.

पत्र पोचलं. लगेच उत्तर लिहिणं जमलं नाही.

तुमचं पत्र चिमणीला वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, "बाबांनी हाक मारली का?" मी म्हटलं, वेळच मिळाला नाही गं, एका क्षणात झालं. ती म्हणाली, मग बरं. अकरा वर्षांची मुलगी "मग बरं" म्हणते तेव्हा तिच्या तोंडाकडे बघवत नाही. पण त्या "एका क्षणात" या दोन शब्दांवर आम्ही दोघी इतके दिवस तगलो आहोत. तुमचे उपकार आहेत.

तुम्ही खोडलेल्या अक्षराचं मनाला लावून घेऊ नका. इथे येणारी-जाणारी माणसं तोंडाने खोडतात, त्यापेक्षा शाईचं बरं.

परवा तुमच्या कचेरीतल्या कारकुनांनी ह्यांच्या सामानाचं खोकं पाठवलं. स्वेटर, चष्मा, विजेरी आणि खिशातली वही. हाताला काम हवं होतं, म्हणून पक्की वही काढून उतरवायला बसले. शेवटच्या पानावर अडले, म्हणून विचारते.

चोवीस तारखेखाली एकाऐवजी पाच नोंदी आहेत. २:२० ला सवत थोरलीपेक्षा चार पायऱ्या फिकी, धाकटीपेक्षा एक पायरी उजळ. २:३५ ला तेच. २:५० ला तीन फिकी, दोन उजळ. ३:०५ लाही तीन आणि दोन. ३:२० समोर काहीच नाही, नुसती वेळ.

हे तर नुसत्या डोळ्यांनी घेतलेले अंदाज, म्हणजे बाहेरून. तुम्ही लिहिता साडेतीनपर्यंत दोघं आत होतात. मग मी ह्या नोंदी कुठल्या रकान्यात भरू? पक्क्या वहीत चूक गेलेली ह्यांना खपायची नाही, म्हणून विचारलं.

जेवत जा वेळेवर.

वहिनी

३ मार्च

वहिनींस साष्टांग नमस्कार.

कारकुनांनी वही पाठवल्याचं मला माहीत नव्हतं.

त्या नोंदी आदल्या रात्रीच्या असतील, तारीख लिहिताना चूक झाली असेल. किंवा मधेमधे पाय मोकळे करायला ते बाहेर जात, तेव्हाच्या असतील. नीटसं आठवत नाही. तुम्ही या वेळी त्यात डोकं घालून त्रास करून घेऊ नका. वही मला टपालाने पाठवून द्या, मी इथल्या पट्ट्यांशी ताडून नीट लावतो.

इथे सगळं ठीक. साहेब त्या रात्रीच्या मोजणीवर निबंध लिहीत आहेत. पहिलं नाव दादांचं घालणार आहेत.

लंबू

९ मार्च

भावजी,

वही पाठवणार नाही.

आदल्या रात्रीचं पान वहीत आहे. त्यावर लिहिलंय, "२३. ढग. लंबूने पत्त्यांत तीनदा फसवलं." तेव्हा ती रात्र नव्हे. आणि पाय मोकळे करायला गेलेला माणूस बरोबर पंधरा-पंधरा मिनिटांनी पाच वेळा जात नाही. पट्टीकडे कोण बघत होतं तेव्हा?

मी चौदा वर्षं ह्यांचे आकडे उतरवतेय. घाईतला आकडा कसा असतो, थंडीतला कसा, झोपेतला कसा, मला अंधारात हात फिरवून सांगता येईल. २:२० ची ओळ ह्यांची नेहमीची आहे. २:५० ला ओळ खाली उतरत गेलीय. ३:०५ चा पाच मी तीन वेळा बघितला तेव्हा पाच आहे हे कळलं. उभ्या माणसाच्या हाताचं हे अक्षर नाही. बसलेल्याच्याही नाही. वही पोटावर ठेवून, पेन्सिल कशीबशी धरून लिहिलंय. पानाच्या कडेला अंगठ्याचा तपकिरी डाग आहे. मला शाई वाटली. ह्यांच्या खिशात शाई कधी नव्हती.

चिमणीला मी सांगून बसलेय की एका क्षणात झालं. तुमच्या शब्दावर सांगितलं.

हे किती वेळ जिवंत होते, भावजी?

२५ मार्च

वहिनी,

तेरा दिवस तुमचं पत्र खिशात घेऊन हिंडतोय. आता लिहितो. खोटं लिहिलं होतं. चहा घेतला नाही. चार वाजता काही झालं नाही.

दोन वाजून गेले होते. तारा नुकताच उठायला लागला होता. मी दुर्बिणीला होतो, दादा पट्टीजवळ. तारा पश्चिमेला कलला तशी झडप आणखी खाली सरकवायला हवी होती, ती अडकली. अर्धा उजेड कापला गेला. शिडी चढायची पाळी माझी होती. मी डोळा काढायला लागलो तर दादा म्हणाले, "तू हलू नकोस, तुझा हात बसलाय. मी जातो." मी हो म्हटलं. गुडघ्याचं मला आठवलं होतं. तरी हो म्हटलं.

हातोड्याचे तीन ठोके ऐकू आले. झडप उघडली, तारा एकदम लख्ख झाला, आणि बाहेर पोतं टाकल्यासारखा आवाज आला.

मी ओरडलो, "दादा!"

"काही नाही रे," बाहेरून आवाज आला. "बूड शेकलं. झडप उघडली का?"

"उघडली. मी येतो."

"आलास तर खबरदार! एकोणीस वर्षं थांबलोय. तारा सोडू नकोस. मी बसतो इथेच, दम खातो, येतो मागून."

आवाज अगदी नेहमीचा होता. हसतसुद्धा होते. मला वाटलं, पाय मुरगळला असेल. मी तारा सोडला नाही. तीन चाळीसला ढग आले तेव्हा बाहेर गेलो. भिंतीला टेकून बसले होते, तोंड पश्चिमेकडे. मी म्हटलं, "दादा, झालं काम, सगळं मिळालं." आणि खांद्याला हात लावला.

ते बाहेर बसून मोजत होते हे मला ठाऊक नव्हतं. अंधारात वही दिसली नाही. तुमच्या पत्रातून कळलं. तेव्हापासून मी जेवायला बसलो की २:२०, २:३५, २:५० असं डोक्यात वाजत राहतं.

साहेबांना, सगळ्यांना तीच चहाची गोष्ट सांगितली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं ते नाही. मला माझी लाज झाकायची होती.

तुम्ही द्याल ती शिक्षा कबूल आहे.

लंबू

१५ एप्रिल

भावजींस नमस्कार.

पत्र वाचून पहिले आठ दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कचेरीत एका नदीला भलताच फाटा काढून ठेवला. मुख्य साहेब म्हणाले, बाई, ही नदी डोंगर चढते आहे.

नंतर एका रात्री गच्चीवर जाऊन बसले. सवत आता मावळतीला लवकर जाते, पण दिसली. थोरलीच्या बरोबरीला आलीय. बघता बघता मला ह्यांचा आवाज ऐकू आला. "आलास तर खबरदार." अगदी असंच म्हणाले असतील. तुम्ही ते रचू शकणार नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांना एकशे तीन ताप होता, मी पांघरूण घालायला गच्चीवर गेले तर मला म्हणाले, "उजेड आणलास तर खबरदार." तर असा हा माणूस. आपल्याला किती लागलंय हे त्यांना कळलं नसेल, किंवा कळूनही दुसऱ्याला कळू दिलं नसेल. तुम्ही तारा सोडून धावला असतात तर जन्मभर तुम्हाला ऐकवलं असतं.

तेव्हा त्यांनी स्वतः निवडलं असं मी धरून चालले आहे. चिमणीला खरं ते सांगितलं. बाबा पडले, थोडा वेळ बाहेर बसले, तारा बघत होते, मोजत होते आणि मग गेले. ती खूप रडली. पण रडून झाल्यावर वही मागून घेतली आणि ते चार अंदाज तिने स्वतःच्या हाताने पक्क्या वहीत उतरवले. रकाना नवा आखला. वर लिहिलं, "जमिनीवरून."

तुम्ही खोटं लिहिलंत ते मला लागलं. पण ह्यांच्या शब्दाला तुम्ही जागलात, आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत त्यांच्या आवडीच्या कामात होते. एकटे होते, पण हाक मारण्याइतकी वेळ त्यांच्यावर आली नाही. मला एवढं पुरेसं आहे.

ते चार अंदाज साहेबांच्या निबंधात ह्यांच्या नावाने छापायला सांगा. आणि सुट्टी मिळाली की इकडे या. चिमणीला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

तुमची,
वहिनी

२ मे

वहिनी,

तुमचं पत्र तुम्ही शिव्यांनी भरून पाठवलं असतंत तर मी गप्प बसलो असतो. तुम्ही "या" म्हणालात. आता गप्प बसवत नाही.

मी यायला निघालो होतो. पिशवी भरून बस थांब्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. चिमणी विचारेल, बाबांनी हाक मारली का. तिच्यासमोर मला खोटं बोलता आलं नसतं आणि खरं तर आलंच नसतं.

मारली होती. नंतर.

तीन वाजून दहा मिनिटांच्या आसपास. मोठ्याने नाही. "लंबू, ये रे." एवढंच. पहिल्यासारखा आवाज नव्हता. तो आवाज कसा होता हे मला माहीत होतं, वहिनी. मी त्या क्षणी ओळखला होता. ऐकलंच नाही, वाऱ्यात कळलं नाही, असं काही मी आता म्हणणार नाही.

तारा तेव्हा भराभर वर येत होता. लेखणी कधी नव्हे इतकी सरळ चढत होती. मी म्हटलं, "आलो दादा, पाच मिनिटं." मी पाच मिनिटांनी म्हटलं, आणखी पाच. मग ढग येईपर्यंत म्हटलंच नाही.

दादांनी "सोडू नकोस" सांगितलं होतं हे खरं. पण नंतर त्यांनीच "ये" म्हटलं होतं. मी त्यांच्या पहिल्या शब्दाला जागलो, कारण तो मला सोयीचा होता.

साहेब त्या पट्टीतला एक तुकडा सगळ्यांना दाखवतात. इतका सुंदर चढ आजवर कोणाला मिळालेला नाही म्हणतात. तो तीन दहा ते तीन चाळीसचा आहे. मी साहेबांना सगळं सांगितलं, दादांचे अंदाजही दाखवले. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "झालं ते झालं. निबंध छापायला गेला. आता हे कुठे बसवणार?" झडपेची मोटर मात्र आठवड्यात बदलून आली.

मी काम सोडलेलं नाही, पण दुर्बिणीला डोळा लावत नाही. रात्री घुमटामागच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहतो. खाली खोल आहे. तास-तास उभा राहतो. परवा रखवालदाराने हात धरून आत आणलं.

मला एकच जाणून घ्यायचंय. त्या हाकेला उतरलो असतो तर ते वाचले असते का? गाडी दारात होती. दवाखाना चाळीस मिनिटांवर. डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत होत नाही. तुम्हाला विचारायचा मला अधिकार नाही. तरी विचारतो. जे असेल ते सांगा, मग माझं मी ठरवीन.

लंबू

२४ मे

श्रीमती बाईंस,

आपण स्वतः दवाखान्यात आलात त्या दिवशी मी शस्त्रक्रियेत होतो आणि भेट झाली नाही, याबद्दल दिलगीर आहे. आपण ठेवून गेलेल्या चिठ्ठीतल्या प्रश्नांची उत्तरं देतो. आपण "काही लपवू नका" असं लिहिलंत, म्हणून स्पष्ट लिहितो.

आपल्या यजमानांच्या कमरेचं हाड मोडलं होतं आणि आत रक्तस्राव होत होता. तो सावकाश होता. माझ्या अंदाजाने ते पडल्यानंतर सव्वा ते दीड तास जिवंत होते. हे मी तपासणीच्या अहवालात लिहिलं होतं. अहवाल वेधशाळेच्या कचेरीत गेला. आजवर मला कोणी काही विचारलं नाही. आपण पहिल्याच.

पडल्याबरोबर आणलं असतं तर ते वाचले असते असं मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. अशी माणसं आम्ही वाचवली आहेत. आपण लिहिता त्याप्रमाणे तीन दहाला निघाले असते तरी चांगली आशा होती. त्यानंतर मात्र थंडीने आणि रक्तस्रावाने फारसं हाती उरलं नसतं.

हे वाचून आपल्याला काय वाटेल याची मला कल्पना आहे. पण पोकळ धीर देणं मला जमत नाही.

आपला,
डॉक्टर

१ जून

भावजी,

उत्तराला महिना लागला. तेवढा लागायचाच होता.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही, हे आधी लिहिते. पुढे कधी करेन असं वाटत नाही. ह्यांनी "ये रे" म्हटलं आणि तुम्ही गेला नाहीत. मी भाजी चिरताना, नकाशावर रेघ ओढताना, चिमणीची वेणी घालताना मधेच थांबते आणि मला ते दोन शब्द ऐकू येतात. तुमच्या आवाजात ऐकू येतात, कारण तुम्हीच मला ते सांगितलेत. ते मी मरेपर्यंत ऐकणार. तुम्हीही ऐका.

चिमणीला ती हाक सांगितलेली नाही. तुम्ही तिला कधी सांगायचं नाही. इकडे येऊ नका. ह्यांचे चार अंदाज मी स्वतः निबंध छापणाऱ्यांकडे पाठवले आहेत, साहेबांची गरज नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं.

मी दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी उत्तर पाठवलं. ते म्हणतात, पडताक्षणीच आतून जे तुटायचं ते तुटलं होतं. पहिल्या मिनिटाला उतरला असतात, गाडीत घातलं असतंत, दवाखाना शेजारच्या खोलीत असता, तरी उपयोग नव्हता. त्या हाकेचा तर प्रश्नच नाही. तुम्ही जाऊन बसला असतात तर त्यांचा हात धरायला मिळाला असता, एवढंच. तो तुम्ही धरला नाहीत, आणि तुमच्यावर तेवढंच आहे. त्याहून जास्त ओझं उचलायचा तुम्हाला हक्क नाही. कठड्यापाशी उभं राहायचा तर मुळीच नाही.

हे पत्र मिळाल्यावर सामान बांधा आणि डोंगर उतरा. दिवसाची कुठलीतरी नोकरी धरा. रात्री झोपा. तुमची आई आहे, तिच्याकडे जा. पोचलात की दुसऱ्या कुणाच्या हातचं नाही, तुमच्या स्वतःच्या अक्षरात एक कार्ड टाका. "पोचलो" एवढंच लिहा. त्यानंतर मला लिहू नका.

डॉक्टरांचं पत्र मागू नका. मी ते शेगडीत घातलं. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

वहिनी